विजयस्तंभ कसा वाचावा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी भाईंदर येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला सुचविलेला विषय 'आपले वैभवशाली पूर्वज' हा होता. त्याऐवजी प्राचीन रोमच्या शिल्पकलेविषयी आणि ती मी मुलांना कशी शिकवितो याविषयी बोलण्याची परवानगी मी मागितली. ती त्यांनी उदार मनाने दिली. मात्र रोमचा आणि आपल्या ज्ञातीचा संबंध काय, हे व्याख्यान संपण्यापूर्वी सांगितले पाहिजे, अशी अट घातली. अट रास्त आहे. संबंध आहे, आणि तो या सभागृहाच्या पूर्वेकडील रिकाम्या भिंतीशी आहे.

या भिंतीवर एक मोठे भित्तिचित्र काढून घ्यावे, असा ठराव मंडळाच्या विचाराधीन आहे. चित्राचा कच्चा आराखडा मी पाहिला. बिंबराजा घोड्यावर बसून पुढे चालला आहे. त्याच्यामागे आपले पूर्वज, सर्व घोड्यावर, सर्वांच्या हाती तलवार, आणि सर्वांच्या मिशा एकाच वळणाच्या. चित्रात स्त्री एकच आहे. ती आरती घेऊन उभी आहे. चित्रकाराचा हात चांगला आहे, याबद्दल वाद नाही. परंतु हे चित्र निदान पन्नास वर्षे आपल्या मुलाबाळांच्या डोळ्यांसमोर राहणार. तेव्हा भिंतीवरचे चित्र माणसाच्या मनाशी काय व्यवहार करते, हे आधी पाहून घ्यावे असे मला वाटले. हा व्यवहार रोमन लोकांइतक्या कौशल्याने फार थोड्यांनी केला आहे.

मी येथील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवितो. परीक्षेला न येणारा हा विषय मी वर्गात काढतो तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न असतो, "सर, रोमचे आपल्याला काय?" मी त्यांना खिडकीतून उत्तरेकडे पाहावयास सांगतो. वसईच्या खाडीपलीकडे नालासोपारा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत या सोपाऱ्याचे आणि कल्याणचे नाव आहे. तिकडे कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या सागरदेवतेची वीतभर ब्राँझची मूर्ती सापडली. ती आजही तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. रोमचा माल आपल्या बंदरांत उतरत होता आणि मालाबरोबर मूर्ती व नाणीही उतरत होती. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन उघडले, तेव्हा मी काही मुलांना लोकलने घेऊन गेलो होतो. मुले रोमन संगमरवरासमोर उभी राहिली आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "मस्त!" तो शब्द खोटा नव्हता. पण शिक्षकाचे काम त्या शब्दानंतर सुरू होते.

वर्गात मी प्रथम सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचे छायाचित्र फळ्यावर लावतो. हा पुतळा १८६३ साली रोमजवळ प्रिमा पोर्ता येथे, ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्याच्या अवशेषांत सापडला. सांप्रत तो व्हॅटिकनमध्ये आहे. मी मुलांना काहीच सांगत नाही. फक्त पाहा म्हणतो. दहा मिनिटांत त्यांना जे दिसते ते पुष्कळ असते. सेनापती चिलखत घालून उभा आहे, मग त्याचे पाय अनवाणी का? पायाशी डॉल्फिनवर बसलेले एक लहान मूल आहे, ते कोणाचे? चिलखतावर दोन माणसे समोरासमोर उभी आहेत. एक दुसऱ्याला काठीसारखे काहीतरी देत आहे, ते काय? अशा प्रश्नांना उत्तरे देत बसले की अर्धा रोमन इतिहास आपोआप शिकवून होतो.

ती काठी म्हणजे गरुडचिन्हांकित ध्वज. इ. स. पू. ५३ मध्ये पार्थियन लोकांनी क्रॅसस या रोमन सेनापतीचा कॅऱ्ही येथे दारुण पराभव केला, त्याला ठार मारले आणि रोमन ध्वज हस्तगत केले. ते ऑगस्टसने इ. स. पू. २० मध्ये परत मिळविले. परंतु लढून नव्हे, तर वाटाघाटी करून. खरे म्हणजे रक्त न सांडता मिळालेले यश अधिक मोठे. तथापि चिलखतावर ते युद्धविजयाच्या थाटात कोरले आहे. अनवाणी पाय ही देवतांची आणि वीरपुरुषांची खूण. आणि ते मूल म्हणजे व्हीनस देवतेचा पुत्र क्युपिड. कारण ऑगस्टस ज्या ज्युलियस घराण्यात दत्तक गेला ते घराणे आपली वंशावळ थेट व्हीनसपर्यंत नेऊन भिडवीत असे. ऑगस्टस इ. स. १४ मध्ये वारला तेव्हा शहात्तर वर्षांचा होण्यास थोडेच दिवस कमी होते. पण त्याच्या पुतळ्यांत त्याला म्हातारपण कधी आलेच नाही. प्रजेपैकी फारच थोड्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले असेल. बाकीच्यांसाठी हा तरुण चेहरा हाच सम्राट होता.

येथे एखादा हुशार मुलगा म्हणतो, "म्हणजे हे सगळे खोटेच की!" त्याला मी थांबवितो. ध्वज खरोखरच परत आले होते. प्रचार बहुधा निखालस असत्य सांगत नाही. सत्याचा एक तुकडा घेऊन तो त्याला अशा जागी बसवितो की बाकीचे सत्य दिसेनासे व्हावे. म्हणून भारावून जाऊन चालत नाही, तसेच 'सब झूठ' म्हणून पाठ फिरवूनही चालत नाही. दोन्हींत पाहण्याचे कष्ट वाचतात, इतकेच.

यानंतर येतो ट्राजनचा स्तंभ. डेशियाच्या, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भूमीवरील दोन युद्धांच्या स्मरणार्थ तो इ. स. ११३ मध्ये रोममध्ये उभारला गेला. सुमारे तीस मीटर उंचीच्या खांबाभोवती जवळजवळ दोनशे मीटर लांबीची शिल्पपट्टी वेलीसारखी गुंडाळत वर गेली आहे. तीत अडीच हजारांहून अधिक आकृती आहेत, आणि सम्राट स्वतः साठाच्या आसपास वेळा दिसतो. मी मुलांचे गट पाडतो. प्रत्येक गटाला चित्रांचा एक संच देतो आणि मोजदाद करावयास लावतो: सम्राट काय करतो, शिपाई काय करतात, शत्रू कसा दाखविला आहे.

मोजदादीतून निघते ते मोठ्या माणसांनाही चकित करणारे असते. सम्राट कोठेही स्वतः तलवार चालवीत नाही. तो सैन्याला उद्देशून भाषण करतो, यज्ञ करतो, शरण आलेल्यांना सामोरा जातो, कामावर देखरेख करतो. आणि शिपाई? ते लढतात, पण त्याहून कितीतरी वेळा ते झाडे तोडतात, खंदक खणतात, तटबंदी रचतात, पूल बांधतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे सैन्य आहे की पी. डब्ल्यू. डी.?" वर्ग हसला. मला मात्र वाटले, या पोराने स्तंभ वाचला. रोमला सांगावयाचे होते ते हेच: आम्ही केवळ जिंकीत नाही, बांधतो. हाही प्रचारच. पण त्या प्रचाराच्या ओघात, ज्यांची नावे कोणीही लिहून ठेवली नाहीत अशा माणसांचे घामाचे काम दगडात कायमचे राहून गेले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. मला भिंतीकडे वळताना तिचा उपयोग होणार आहे.

चेहरे बसविता येतात तसे खरवडताही येतात. सेप्टिमियस सेव्हेरस, त्याची पत्नी आणि दोन पुत्र यांचे एक रंगविलेले लाकडी चित्र बर्लिनमध्ये आहे. थोरल्या भावाने, म्हणजे काराकाल्लाने, इ. स. २११ मध्ये धाकट्या गेटाचा वध करविला. त्या चित्रातला एका मुलाचा चेहरा पुसून टाकलेला आहे. मुले या चित्रापाशी नेहमी गप्प होतात. चेहऱ्याच्या जागी राहिलेला तो डाग चेहऱ्यापेक्षा अधिक बोलतो.

आणि कोणी असे समजू नये की ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे व ती संपली. ऑगस्टसच्या शांतिवेदीचे तुकडे जुळवून मुसोलिनीने ती १९३८ साली रोममध्ये पुन्हा उभी केली, ती काही केवळ पुराणवस्तूंच्या प्रेमाने नव्हे.

आता रोमहून घरी येऊ. मुले विचारतात, आपल्याकडे असे कोणी केले काय? केले, आणि रोमच्या तोडीचे केले. नाण्यांपासूनच सुरुवात करू. कारण पुतळा पाहावयास जावे लागते, नाणे मात्र स्वतः चालत हातात येते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे क्षहरात वंशातील राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांवर राजाचा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरे, अशी रोमन धर्तीची घडण. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. नहपानाचा पराभव झाल्यावर ती नाणी वितळविता आली असती. तसे केले नाही. शत्रूच्या तोंडावरच आपला ठसा मारून ती बाजारात सोडली. कितीतरी नाण्यांवर खालचे नाक-डोळे अजून अर्धवट दिसतात. भाजी घेणाऱ्यालाही समजावे की मालक बदलला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांना मी विद्यार्थी घेऊन गेलो तेव्हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला. प्रथम दहाव्या लेण्यात गेलो. तेथे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तीन लाख गाई दान दिल्या, ब्राह्मणांना गावे दिली, शूर्पारकात म्हणजे आपल्या सोपाऱ्यात व इतरत्र धर्मशाळा बांधल्या, दहाणूकेसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेविल्या, असे त्यात कोरले आहे. मग तिसऱ्या लेण्यात गेलो. तेथे गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा लेख, नातवाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला. दिवंगत पुत्राचे एवढे भव्य वर्णन मराठी मुलखातील दुसऱ्या कोणत्या मातेने दगडात केले असेल, असे मला वाटत नाही. त्याचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्यालेले; तो शक, यवन आणि पह्लव यांचा संहारक; आणि क्षहरात वंश त्याने निःशेष केला, असे ती म्हणते.

एका विद्यार्थिनीने लगेच हात वर केला. "निःशेष केला म्हणतात, मग त्यांच्या जावयाचा लेख त्याच डोंगरात कसा?" मी काही बोललो नाही. इतका चांगला प्रश्न विचारला गेल्यावर शिक्षकाने थोडा वेळ तरी गप्प राहावे.

त्याच लेखात बलश्रीने पुत्राची आणखी एक थोरवी सांगितली आहे: त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. आता हे ज्ञातिबंधूंनो, ऐकण्यासारखे आहे. आपल्या शेजारी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरी लेणी आहेत. तेथे पाण्याच्या एका टाक्यावर वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ही राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची कन्या. म्हणजे शकांचीच लेक. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ येथील लेखात महाक्षत्रप रुद्रदामनही सांगतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरविले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. तात्पर्य, आजीच्या लेखात संकर थांबलेला होता आणि त्याच सातवाहनांच्या घरात शक सून नांदत होती. (आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या कार्यवाहांनी माझ्याकडे असे पाहू नये, मी केवळ शिलालेख सांगतो आहे.) बलश्रीच्या मातृप्रेमाला यामुळे बाध येत नाही. परंतु राजघराणे स्वतःविषयी कोरून ठेवते ते आणि घरात घडते ते, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागते. आपल्या सुदैवाने दोन्ही दगड एका दिवसाच्या प्रवासात आहेत.

येथपर्यंत मी सुरक्षित होतो. सातवाहन आणि क्षत्रप यांचे कोणी वारस वर्गात बसलेले नसतात. पण एकदा रोममधील टायटसच्या कमानीचे चित्र मी दाखविले. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त करून रोमन सैनिक तेथील सात शाखांची दीपमाळ खांद्यावर घेऊन मिरवीत आहेत, असा तो देखावा. ज्याची दीपमाळ गेली त्याला हे शिल्प पाहताना काय वाटले असेल, असा प्रश्न मी लिहावयास दिला. उत्तरे उत्तम आली. नंतरच्या आठवड्यात वसईच्या मोहिमेचा विषय निघाला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली फिरंग्यांकडून वसई घेतली. त्या मोहिमेत आपल्या भाईंदरचा धारावी किल्लाही लढला गेला. चौकला त्यांचे स्मारक आहे. मी उत्साहाने सांगत होतो की वसईकडच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. मेणवलीला १७०७ साल कोरलेली एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात १७२१ सालची एक आहे.

तेव्हा उत्तनची एक ख्रिस्ती मुलगी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, गेल्या आठवड्यातला प्रश्न याला पण लिहायचा का?"

मी कबूल करतो, त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर देवळे पाडली, माणसांवर धर्मासाठी जुलूम केले. त्यातून सुटका झाली याचा आनंद आपल्या पूर्वजांना झाला तो यथार्थ होता, आणि चिमाजी अप्पांच्या पराक्रमाला उणेपणा आणण्याचा मला अधिकार नाही. हे सर्व खरे. पण त्या मुलीचे पूर्वज फिरंगी नव्हते. ते याच मातीतले, याच समुद्रावर जाळी टाकणारे होते, आणि ज्या घंटेच्या आवाजावर त्यांची संध्याकाळ होत असे ती घंटा एक दिवस गेली. मी म्हणालो, "हो, लिही." सगळ्या वर्गाने लिहिले. एका मुलाने लिहिलेले वाक्य असे होते की, घंटेला देऊळ आणि चर्च यांतला फरक कळत नाही, पण ऐकणाऱ्याला कळतो. दुसऱ्या दिवशी एक पालक मला भेटावयास आले आणि 'आमच्या विजयाचा असा पंचनामा कशाला?' असे त्यांनी विचारले. मी त्यांना चहा दिला. तासभर आम्ही बोललो. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. मुलगा मात्र त्यांनी माझ्या वर्गातून काढला नाही.

हा प्रसंग मी आपल्याला मुद्दाम सांगितला. कारण दुसऱ्याच्या कमानीवर प्रश्न विचारणे सोपे असते. आता आपण आपल्या भिंतीसमोर आहोत.

आपण बिंबराजाबरोबर आलो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्याचा लेखी आधार म्हणजे मुख्यतः महिकावतीची बखर. ती इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तिचा एक भाग केशवाचार्यांनी पंधराव्या शतकात रचला. या बखरीत राजाबरोबर आलेल्या कुळांच्या याद्या आहेत. तिच्यातील सनावळ्यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ते आपण त्यांच्यावर सोपवू. माझा मुद्दा वेगळा आहे. परचक्राखाली गांजलेल्या लोकांना आपल्या कुळाचा व धर्माचा विसर पडू नये, म्हणून ती यादी त्या काळी लिहिली गेली; तिला त्या काळी काम होते. आज तीच यादी आपण भिंतीवर घोडे उधळण्यासाठी वापरणार असू, तर ऑगस्टसच्या पायाशी जे मूल बसले आहे तेच आपण आपल्या पायाशी आणून बसवितो आहोत.

क्षणभर असे धरू की आपले सर्व पूर्वज घोड्यावर बसून आले. पण आल्यावर ते उतरले असतील की नाही? उतरल्यावर त्यांनी काय केले? खाडीच्या तोंडाशी बांध घातले, खाजणात भात पिकविला, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या केल्या, मिठागरांत उन्हातान्हात उभे राहून मीठ ओढले. या मीरा-भाईंदरला २००२ साली महानगरपालिका झाली. ज्या जमिनींवर आज आपले मजले चढले आहेत त्यांतील कितीतरी जमीन अशा बांधांनीच समुद्राकडून घेतलेली आहे. तलवारीने घेतलेली जमीन दुसरी तलवार घेऊन जाते, हे या किनाऱ्याने बिंब, सुलतान, फिरंगी, मराठे आणि इंग्रज असे सर्व पाहून अनुभवले आहे. बांध मात्र ज्याने घातला त्याचाच. रोमच्या सम्राटालाही आपल्या विजयस्तंभावर कुदळ आणि पाटी दाखविण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

मला ठाऊक आहे, कोणाला कमीपणा वाटतो आणि का वाटतो. मिठागरावरचे म्हणून ज्यांना कचेरीत, शाळेत, लग्नाच्या बैठकीत खाली बसविले गेले, त्या पिढीला घोड्याची गरज भासली. माझ्या वडिलांना भासली होती. त्यांच्या खोलीत अशाच एका घोडेस्वाराचे चित्र होते, आणि त्याच भिंतीवर खुंटीला टांगलेली त्यांची मिठाची पाटी पाहुणे आले की आत नेऊन ठेवली जाई. मी त्यांना दोष देत नाही. परंतु आज ज्या मुलांचा गौरव होत आहे त्यांना पाटी लपविण्याचे कारण उरलेले नाही, आणि आपण ते पुन्हा निर्माण करू नये.

म्हणून मंडळाला माझी सूचना अशी आहे. घोडा हवा तर एक असू द्या. बिंबराजाला पायी चालविण्याचा माझा आग्रह नाही. पण चित्राचा मोठा भाग बांध, वाडी आणि मिठागर यांना द्यावा. बायका आरती घेऊन नव्हे, तर डोक्यावर चुंबळ आणि पाटी घेऊन असाव्यात, कारण त्या तशाच होत्या. चित्राच्या खाली, ते कोणी, कोणत्या वर्षी, कोणाच्या देणगीतून काढविले हे स्पष्ट अक्षरांत लिहावे, म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्यालाही नीट वाचता येईल. माझ्या घरी मिठागरावर काम करणाऱ्या सात-आठ माणसांचे एक जुने छायाचित्र आहे. चित्रकाराला उपयोगी पडेल म्हणून ते मी चिटणीसांच्या स्वाधीन केले आहे. त्यातील डावीकडून तिसरी बाई माझी आजी. बाकीच्यांची नावे घरात कोणाला सांगता आली नाहीत. ते छायाचित्र आज प्रवेशद्वाराजवळील मेजावर ठेवले आहे. वयस्कर मंडळींनी जाताना ते अवश्य पाहावे, आणि कोणी ओळखीचे दिसल्यास मागे ठेवलेल्या कागदावर नाव लिहावे.